'हार्ड', 'डिफिकल्ट', 'आर्ड्युअस' : कठीणपणाच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास आणि एका विशेषणाची किंमत

🧵 दीर्घ थ्रेड

१.
सप्टेंबर १८९७. मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात लोकमान्य टिळकांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. शिक्षेपुढचे विशेषण होते 'रिगरस'. जुलै १९०८. त्याच न्यायालयात त्यांना ६ वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पुढे सरकारने तिचे रूपांतर मंडालेच्या तुरुंगातील कैदेत केले. या वेळचे विशेषण होते 'सिंपल'. पहिल्या कैदेत दिवस सक्तीच्या श्रमात जात असे. दुसऱ्या कैदेत १९१०-११च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य'चा मसुदा लिहून झाला.

२.
दोन्ही शिक्षांत भिंती होत्या, पहारा होता, घरापासून ताटातूट होती. तरीही एका विशेषणाने कैद्याचा दिवस बदलला. कायद्याच्या भाषेत विशेषण हे अलंकार नसते, तो हुकूम असतो. 'कठीण' या एका मराठी शब्दाखाली आपण जे इंग्रजी शब्द सरसकट घालतो ते वस्तुतः वेगवेगळ्या घराण्यांतून आलेले आहेत आणि त्यांनी वेगवेगळी कामे केली आहेत. 'हार्ड', 'डिफिकल्ट', 'आर्ड्युअस', 'स्ट्रेन्युअस', 'टफ', 'ओनरस', 'रिगरस' या मंडळींचा हा इतिहास.

३.
आरंभ सर्वांत जुन्यापासून करू. 'हार्ड' हा अस्सल जर्मानिक शब्द. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'हेआर्ड' असे होते आणि त्याचा मूळ अर्थ स्पर्शाशी निगडित होता : दाबून न दबणारा, टणक. तोच शब्द योद्ध्यालाही लागू पडे; तेथे त्याचा अर्थ निधडा, न नमणारा असा होई. रिचर्ड, बर्नार्ड, जेरार्ड, लिओनार्ड या नावांच्या शेवटी जो 'आर्ड' ऐकू येतो, तो हाच 'हार्ड' होय. बर्नार्ड म्हणजे अस्वलासारखा कणखर, जेरार्ड म्हणजे भाल्याने बलवान.

४.
भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे नाते ग्रीक 'क्रातोस' या शब्दाशी जोडतात. 'क्रातोस' म्हणजे बळ, सत्ता. 'डेमॉक्रसी'च्या उत्तरार्धात तोच बसलेला आहे. म्हणजे दगडाचा टणकपणा, योद्ध्याचा कणखरपणा आणि राज्यकर्त्याची सत्ता ही एकाच मुळाची फळे. 'करावयास अवघड' हा अर्थ 'हार्ड'ला पुढे चिकटला. साधारण तेराव्या शतकापासून तो स्पष्ट दिसू लागतो.

५.
मग त्याआधी इंग्रज 'अवघड' कसे म्हणत? त्यांच्याजवळ 'एआर्फोथे' असा स्वतंत्र शब्द होता. त्याचा सख्खा भाऊ आजही जर्मन भाषेत हयात आहे : 'आर्बाइट', म्हणजे काम. पण जर्मनमध्येही त्याचा जुना अर्थ कष्ट, हाल असाच होता. इंग्रजीतला भाऊ मात्र मध्ययुगात नाहीसा झाला आणि त्याची रिकामी जागा भरण्यासाठी दोन उमेदवार पुढे आले. एक घरचा 'हार्ड' आणि दुसरा परका, लॅटिन.

६.
१०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन विल्यम जिंकला. त्यानंतर दरबार, न्यायालय आणि वरिष्ठ वर्ग यांची भाषा फ्रेंच झाली. विद्येची भाषा लॅटिन होतीच. चौदाव्या शतकात या वाटेने 'डिफिकल्टी' हे नाम इंग्रजीत आले. त्याची फोड अशी : 'डिस' हा नकारवाचक उपसर्ग आणि 'फॅसिलिस' म्हणजे सहज करता येण्याजोगे. 'फॅसिलिस'च्या मुळाशी 'फाकेरे' म्हणजे करणे हे क्रियापद. नाम आधी आले आणि मग इंग्रजांनी त्याचे शेपूट छाटून 'डिफिकल्ट' हे विशेषण घडवले, असे कोशकार मानतात.

७.
मराठी वाचकाला ही फोड ओळखीची वाटेल. आपला 'दुष्कर' अगदी याच साच्यात घडला आहे : 'दुस्' अधिक 'कर'. संस्कृताने तर हा साचा सर्वत्र वापरला. जाण्यास कठीण ते दुर्गम, समजण्यास कठीण ते दुर्बोध, मिळण्यास कठीण ते दुर्लभ, ओलांडण्यास कठीण ते दुस्तर. कोणती क्रिया अडते आहे, हे शब्द स्वतःच सांगतो. इंग्रजीला ही सोय नव्हती. म्हणून तिने निरनिराळ्या भाषांतून निरनिराळे शब्द उसने आणले आणि त्यांच्यात कामाची वाटणी केली.

८.
ही वाटणी सुखासुखी झाली नाही. सोळाव्या शतकात लॅटिन-ग्रीक शब्दांचा असा लोंढा आला की, विद्वानांतच भांडण लागले. या परक्या शब्दांना विरोधक 'इंकहॉर्न' शब्द म्हणत. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. पंडिताच्या दौतीत जन्मलेले आणि बाजारात कोणी न बोललेले शब्द, असा त्यातला टोमणा. १५५३ साली थॉमस विल्सनने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात या पंडिती भाषेची यथेच्छ टर उडवली.

९.
याच शतकात 'आर्ड्युअस' आला. लॅटिन 'आर्दुउस' म्हणजे उंच, उभ्या चढणीचा. आयरिश भाषेतला 'आर्ड' म्हणजे उंच हा त्याचाच नातलग. म्हणून 'आर्ड्युअस' या शब्दात एक डोंगर दडलेला आहे. ज्याला तो लावायचा त्या कामाला लांबी हवी, चढण हवी, पावलागणिक दम लागायला हवा. एक किचकट गणित 'डिफिकल्ट' असू शकते; ते 'आर्ड्युअस' नसते. आपल्याकडे 'खडतर' हा शब्द या अर्थाच्या बराच जवळ जातो. खडतर प्रवास म्हणतो, खडतर तपश्चर्या म्हणतो. 'खडतर कोडे' असे आपण म्हणत नाही.

१०.
'स्ट्रेन्युअस'ची कथा तर रंगभूमीवरची. १६०१ साली बेन जॉन्सनने 'पोएटास्टर' नावाचे नाटक लिहिले. त्यात क्रिस्पायनस या शब्दवेड्या कवीला औषधाच्या गोळ्या देतात आणि मग तो पोटात साचलेले अवजड शब्द एकेक करून ओकू लागतो. हा टोला जॉन मार्स्टन या प्रतिस्पर्धी नाटककाराला होता. ओकलेल्या शब्दांत 'स्ट्रेन्युअस' होता आणि 'कॉन्शस'ही होता. ज्या शब्दांवर लंडनचा प्रेक्षक खदखदून हसला, त्यांतले हे दोन शब्द आज शाळकरी मुलेही वापरतात. भाषेचा निकाल विनोदकार देत नाही, काळ देतो.

११.
सामान्य वाचकाचे मात्र या लोंढ्यात हाल होत होते. त्याच्या मदतीला १६०४ साली रॉबर्ट कॉड्री हा शाळामास्तर धावला. त्याचे 'टेबल अल्फाबेटिकल' हा पहिला एकभाषी इंग्रजी कोश मानला जातो. त्यात सुमारे अडीच हजार शब्द होते. सगळेच शब्द देण्याचा त्याचा हेतू नव्हता. 'हार्ड', म्हणजे समजण्यास अवघड असे रूढ शब्द तेवढे त्याने निवडले. स्त्रिया आणि लॅटिन न शिकलेले इतर वाचक यांच्यासाठी हा कोश आहे, असे त्याने मुखपृष्ठावरच सांगून टाकले. पहिल्या आवृत्तीची आज एकच प्रत ठाऊक आहे. ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

१२.
येथे एक मौज लक्षात घ्या. 'हार्ड वर्ड्स' म्हणजे कोणते? लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचमधून आलेले. 'हार्ड' हा शब्द स्वतः मात्र घरचा, एकाक्षरी आणि कोणालाही समजणारा. पुढच्या पिढीचे बुलोकर (१६१६), कॉकरम (१६२३) हेही 'हार्ड' शब्दांचेच कोशकार. इंग्रजी कोशवाङ्मयाचा पायाच असा अवघडपणाच्या जाणिवेवर घातला गेला, आणि त्या अवघडपणामागे वर्गभेद होता : लॅटिन शिकण्याची संधी ज्याला मिळाली नाही, त्याच्यासाठीच शब्द 'हार्ड' होते.

१३.
शब्दाचा अर्थ सांगणे वेगळे आणि दोन जवळच्या शब्दांमधला फरक सांगणे वेगळे. हे दुसरे शास्त्र युरोपात फ्रान्सने रुजवले. १७१८ साली गाब्रिएल गिरार यांनी समानार्थी भासणाऱ्या फ्रेंच शब्दांचे भेद सांगणारा ग्रंथ काढला. कोणतेही दोन शब्द पूर्णतः एकार्थी नसतात, हा त्यांच्या विचाराचा गाभा. त्यांचे अनुकरण करीत १७६६ साली जॉन ट्रस्लर यांनी इंग्रजीत तसाच प्रयत्न केला.

१४.
१७९४ साली या क्षेत्रात एक स्त्री उतरली : हेस्टर लिंच पिओझी. कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांची ही जुनी स्नेही. पहिल्या पतीच्या मृत्यूनंतर तिने १७८४ साली गाब्रिएल पिओझी या इटालियन संगीतकाराशी विवाह केला आणि जॉन्सन कमालीचे संतापले, मैत्री तुटली. दहा वर्षांनी तिने 'ब्रिटिश सिनोनिमी' हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. रोजच्या संभाषणात शब्द कसा निवडावा, हा त्याचा विषय. परक्या भाषेतून आलेला माणूस व्याकरणात चुकत नाही, तो छटांत अडखळतो. घरात इटालियन पती असलेल्या लेखिकेला हे पुस्तकांतून शिकावे लागले नसणार.

१५.
१८१६ साली जॉर्ज क्रॅबचा समानार्थी शब्दांचा जाडजूड ग्रंथ आला आणि शतकभर टिकला. 'हार्ड', 'डिफिकल्ट' आणि 'आर्ड्युअस' यांना त्याने एकत्र बसवून त्यांची तुलना केली. मग १८५२ साली पीटर मार्क रॉजे या ७३ वर्षांच्या डॉक्टरने 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. त्याची रीत उलटी होती. तो भेद सांगत नव्हता. एका कल्पनेखाली येणारे सारे शब्द एकत्र मांडत होता आणि निवड वाचकावर सोपवत होता. आज संगणकावर 'कठीण'साठी पर्याय शोधणारा लेखक रॉजेच्या वाटेने जातो. पण निवडताना त्याला क्रॅब लागतोच.

१६.
आता मुख्य भेदाकडे वळू : 'हार्ड' आणि 'डिफिकल्ट'. हा भेद समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या तुरुंगात डोकावले पाहिजे. १८१८च्या सुमारास विल्यम क्युबिट या अभियंत्याने कैद्यांसाठी पायचक्की आखली. एका लांबलचक आडव्या चक्राच्या पायऱ्यांवर कैदी ओळीने उभे राहत आणि पायऱ्या चढत राहत. पाय उचलला की पायरी खाली सरके. माणूस दिवसभर चढे आणि जागचा हलत नसे. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात अशी चक्की बसली आणि तेथून तिचा प्रसार झाला.

१७.
दुसरे यंत्र 'क्रँक'. कोठडीत एक पेटी, तिला दांडा. दांडा फिरवायचा, दिवसाला हजारो फेरे. त्यातून काहीही निर्माण होत नसे. १८६५च्या तुरुंग कायद्याने 'हार्ड लेबर'च्या पहिल्या वर्गात पायचक्की, क्रँक, दगड फोडणे अशी कामे नोंदवली. त्या काळच्या तुरुंगधोरणाचे सूत्रच तीन 'हार्ड'चे होते : श्रम हार्ड, अन्न हार्ड, बिछाना हार्ड. बिछाना म्हणजे उघडी फळी. येथे 'हार्ड'चा आरंभीचा, स्पर्शाचा अर्थ शब्दशः परत आला.

१८.
विचारा : पायचक्की चालवणे 'डिफिकल्ट' आहे का? मुळीच नाही. त्याला बुद्धी लागत नाही, कौशल्य लागत नाही, शिकावे लागत नाही. ज्याला जिना चढता येतो त्याला ती चालवता येते. आणि तरीही ती माणसाला मोडून टाकते. उलट बुद्धिबळातला एखादा डाव अत्यंत 'डिफिकल्ट' असतो, पण तो खेळणारा आरामखुर्चीत बसलेला असतो. 'डिफिकल्ट' विचारतो, तुला हे जमेल का? 'हार्ड' विचारतो, तुला हे सोसेल का? 'हार्ड लेबर'ला 'अवघड श्रम' म्हटले की ही सारी यातना भाषांतरात नाहीशी होते.

१९.
मे १८९५मध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची 'हार्ड लेबर'सह शिक्षा झाली. इंग्रजीतल्या त्या काळच्या सर्वांत तरल लेखकाला पायचक्की आणि जुने दोर उकलण्याचे काम मिळाले. १८९७ साली तो सुटला. सुटल्यावर त्याने वृत्तपत्राला पत्र लिहून तुरुंगातल्या लहान मुलांच्या हालांकडे लक्ष वेधले. १९०० साली, वयाच्या ४६व्या वर्षी तो पॅरिसमध्ये वारला. १८९८च्या तुरुंग कायद्याने पायचक्की आणि क्रँक मागे पडले; 'हार्ड लेबर' ही शिक्षा इंग्लंडमध्ये १९४८च्या कायद्याने संपली.

२०.
भारतात मात्र शब्द टिकला. १८३७ साली मेकॉलेच्या आयोगाने दंड संहितेचा मसुदा केला. १८६०मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२पासून तो अमलात आला. कलम ५३ने कारावासाचे दोन प्रकार सांगितले : 'रिगरस', म्हणजे 'हार्ड लेबर'सह, आणि 'सिंपल'. 'रिगरस'च्या मुळाशी लॅटिन 'रिगर', म्हणजे ताठरपणा. मृत्यूनंतर शरीर ताठते त्याला डॉक्टर 'रिगर मॉर्टिस' म्हणतात, तोच हा 'रिगर'.

२१.
आपल्या भाषांतरकारांनी येथे फार नेमके काम केले. 'सक्तमजुरी' हा शब्द पाहा. 'सक्त' हा फारसी 'सख्त', म्हणजे टणक, कठीण. 'मजुरी'ही फारसीतूनच आलेली. म्हणजे 'सक्तमजुरी' हे 'हार्ड लेबर'चे अक्षरशः रूप आहे. आणि 'हार्ड'प्रमाणेच 'सक्त'लाही टणक आणि निष्ठुर असे दोन्ही अर्थ आहेत. पुढे 'सश्रम कारावास' हा संस्कृतप्रचुर पर्याय आला. तो शुद्ध आहे, सभ्य आहे. पण त्यात नुसता श्रम उरतो, सक्ती गळते.

२२.
आता टिळकांकडे परत जाऊ. १८९७च्या शिक्षेत दिवस श्रमाचा. मॅक्स म्युलर, विल्यम हंटर आदी विद्वानांनी त्यांच्या सुटकेसाठी विनंती केली. म्युलर यांनी पाठवलेली ऋग्वेदाची आवृत्ती तुरुंगात पोचली आणि रात्री वाचनासाठी दिव्याची परवानगी मिळाली, हे टिळकांनी 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' (१९०३) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. सप्टेंबर १८९८मध्ये मुदतीपूर्वी त्यांची सुटका झाली. त्या कैदेत विद्येच्या वाट्याला रात्र आली होती. मंडालेत दिवसही आला. अर्थात 'सिंपल' म्हणजे सुखाची कैद नव्हे. घरापासून इतक्या दूर, ब्रह्मदेशाच्या उष्ण हवेत, मधुमेह जडलेल्या देहाने त्यांनी सहा वर्षे काढली. त्याच काळात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या.

२३.
कायद्याच्या पुस्तकातले आणखी एक विशेषण पाहा : 'ओनरस'. लॅटिन 'ओनुस' म्हणजे ओझे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १२७ 'ओनरस गिफ्ट'विषयी आहे. बक्षीस आणि तेही ओझ्याचे! कायद्यातलेच उदाहरण असे : एकाने दुसऱ्याला आपले सगळे शेअर दिले, त्यांत एक कंपनी भरभराटीची, दुसरी अडचणीतली आणि तिच्या भागधारकांकडून मोठ्या रकमा मागितल्या जाणार. घेणारा म्हणतो, पहिले द्या, दुसरे नकोत. कायदा म्हणतो, घ्यायचे तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. येथे कौशल्याचा प्रश्न नाही, दमाचाही नाही. खांद्यावर आलेल्या दायित्वाचा आहे. आपण 'जाचक अटी' म्हणतो त्यातला 'जाचक' येथे चपखल बसतो.

२४.
'टफ' हाही 'हार्ड'सारखाच जुना, घरचा शब्द. पण टणकपणा आणि चिवटपणा एक नव्हेत. काच टणक असते, पण फुटते. चामडे वाकते, पण तुटत नाही. 'टफ' म्हणजे चामडे. मराठीत 'चिवट' हा शब्द हुबेहूब हेच सांगतो. म्हणून 'हार्ड' माणूस म्हणजे कठोर, 'टफ' माणूस म्हणजे चिवट, आणि 'डिफिकल्ट' माणूस म्हणजे ज्याच्याशी जमवून घेणे अवघड असा हेकट. एकाच माणसाविषयी तीन पत्रांत ही तीन विशेषणे आली, तर ते तीन वेगळे अभिप्राय आहेत.

२५.
एप्रिल १८९९मध्ये शिकागोत थिओडोर रूझवेल्ट यांनी 'स्ट्रेन्युअस लाइफ'चा पुरस्कार करणारे गाजलेले भाषण केले. तेव्हा ते न्यू यॉर्कचे गव्हर्नर होते. 'आर्ड्युअस' हा वाटेचा गुण, 'स्ट्रेन्युअस' हा चालणाऱ्याचा. लॅटिनमध्ये 'स्ट्रेनुउस' म्हणजे तडफदार, उद्यमी. रूझवेल्ट कष्टांची तक्रार करीत नव्हते, तडफेचा गौरव करीत होते. त्याच भाषणात फिलिपीन्ससारख्या बेटांवरील अमेरिकी सत्तेचे समर्थनही होते, हे इतिहासाच्या वाचकाने विसरू नये. एक तेजस्वी विशेषण साम्राज्याच्या कामी आले.

२६.
१२ सप्टेंबर १९६२. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात जॉन केनेडी यांनी चंद्रावर का जायचे हे सांगितले. काम सोपे नाही, ते 'हार्ड' आहे, म्हणूनच करायचे, असा त्यांचा युक्तिवाद. चंद्रप्रवास 'डिफिकल्ट' होताच. त्याला अपार कौशल्य लागणार होते. तरी शब्द निवडला गेला तो 'हार्ड', योद्ध्यांच्या नावातला. 'डिफिकल्ट' अडचण मोजतो. 'हार्ड' छातीला आव्हान देतो.

२७.
आव्हानावरून आठवले. आज कार्यालयांत काहीच 'हार्ड' नसते, सारे 'चॅलेंजिंग' असते. या शब्दाचे मूळ लॅटिन 'कालुम्निया', म्हणजे खोटा आरोप. फ्रेंचमधून येताना 'चॅलेंज' झाला आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ आरोप, दोषारोप असाच होता. आरोपाला उत्तर म्हणून द्वंद्व, द्वंद्वावरून ललकारी आणि ललकारीवरून स्फूर्तिदायक अडचण. एके काळची बदनामी आज कौतुकाचा शब्द झाली आहे.

२८.
या विषयात महाराष्ट्राचा एक दुवा अभिमानाचा आहे. १८३१ साली मुंबईत जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला; जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू त्यात सहभागी होते आणि मराठी शास्त्रीमंडळी त्यामागे राबली होती. मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी पुरा केला आणि तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. कठीण, अवघड, बिकट, जड, किचकट, खडतर, चिवट, जाचक हे सारे शब्द दुसऱ्या भाषेसमोर उभे करायचे, तर प्रत्येकाची छटा पारखावी लागते. ती पारख या लोकांनी केली.

२९.
मग जुना कागद वाचताना काय करायचे? विशेषण भेटले की थांबून विचारायचे. वस्तू किंवा परिस्थिती दाबून दबत नाही का? मग 'हार्ड'. कौशल्याचा, समजुतीचा प्रश्न आहे का? 'डिफिकल्ट'. वाट लांब आणि चढणीची आहे? 'आर्ड्युअस'. करणाऱ्याची सारी ताकद लागते? 'स्ट्रेन्युअस'. खांद्यावर दायित्व आहे? 'ओनरस'. नियम ताठर आहे? 'रिगरस'. ही कुंपणे काटेकोर नाहीत. बोलताना माणसे ती सर्रास ओलांडतात. पण ज्याने शब्द निवडून लिहिला, त्याची निवड वाचणे हे आपले काम.

३०.
आणि हा केवळ भूतकाळ नाही. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ४मध्ये कारावासाचे दोन प्रकार तसेच राहिले : 'हार्ड लेबर'सह 'रिगरस', आणि 'सिंपल'. मधल्या काळात, १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने सक्तमजुरीच्या कैद्यालाही श्रमाचे न्याय्य वेतन मिळाले पाहिजे, असा निर्णय दिला. शब्द जुनाच राहिला, त्याच्या आतला अर्थ मात्र माणसांनी झगडून थोडा मऊ केला. उद्या वर्तमानपत्रात 'सश्रम कारावास' वाचाल, तेव्हा त्यातला 'श्रम' कोणता, हे क्षणभर आठवा.

तुमच्या बोलीत 'कठीण'साठी कोणता खास शब्द आहे आणि तो नेमका कोणत्या कामाला लावतात, तेही अवश्य लिहा. थ्रेड समाप्त. 🙏